पाळण्यातील श्वास

जैन दर्शनात संसारी जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत. पाच इंद्रिये, मन-वचन-काय ही तीन बले, आयुष्य आणि श्वासोच्छ्वास. जीव नव्या देहात येतो तेव्हा ज्या सहा पर्याप्ती क्रमाने पूर्ण व्हाव्या लागतात, त्यांतही आहार, शरीर आणि इंद्रिये यांच्या पाठोपाठ श्वासोच्छ्वास येतो. भाषा आणि मन यांची पाळी त्यानंतरची. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार मंत्राचे स्मरण करावयाचे, तर त्याचे माप 27 श्वासोच्छ्वासांचे. उपासनेची वेळही श्वासाने मोजणाऱ्या या समाजाच्या घरांत पाळण्यातील बाळाच्या श्वासाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बाळ रडले की सारे घर धावते. बाळ झोपले की दार हलकेच ओढून घेतले जाते आणि ज्याचा तो कामाला लागतो. झोप म्हणजे सुख, झोप म्हणजे वाढ, एवढीच समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे.

सांगलीच्या हळद बाजारात तीन पिढ्यांची अडत असलेल्या एका कुटुंबात ही समजूत एका श्रावणात मोडली. घरातील पहिला नातू 32 व्या आठवड्यातच जन्मला. वजन 1600 ग्रॅम. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत, अंगाला तारा चिकटवलेल्या अवस्थेत आजोबांनी त्याला प्रथम पाहिले. पाहता पाहता बाळाची भराभर हलणारी छाती थांबली. यंत्र वाजू लागले. परिचारिका जवळ आली, तिने बाळाच्या तळपायाला बोटाने एक टिचकी दिली आणि छाती पुन्हा हलू लागली. तिच्या हालचालीत जराही घाई नव्हती. तिच्या दृष्टीने ते रोजचेच होते. आजोबा मात्र बाहेरच्या बाकावर येऊन बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना जे समजावले ते साधे होते. श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्राकडून येते. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळात हे केंद्र अपरिपक्व असते आणि झोपेत ते मधूनच आज्ञा द्यावयाचे विसरते. 20 सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबला, अथवा त्याहून कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावले किंवा ओठ निळसर पडले, तर त्यास वैद्यकात ‘ॲप्निया’ म्हणतात. बाळ जितके लवकर जन्मलेले, तितका हा धोका अधिक. 28 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला त्यातून जावे लागते. मेंदू परिपक्व होत जातो तसे हे विराम कमी होतात आणि गर्भकाळाच्या हिशेबाने 37 व्या आठवड्याच्या सुमारास बहुतेक बाळांत ते थांबतात. फार लवकर जन्मलेल्या काही बाळांत त्यानंतरही काही आठवडे ते टिकून राहतात.

यावरचे औषध ऐकून आजोबांना त्या दिवसांतले पहिले हसू आले. औषध होते कॅफिन. चहा-कॉफीत असते तेच, पण मोजूनमापून, थेंबाथेंबाने दिलेले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील दोन हजारांहून अधिक कमी वजनाच्या बालकांवर झालेल्या अभ्यासानंतर या औषधावरचा विश्वास अधिक दृढ झाला. आजोबांनी चातुर्मासापुरता चहा सोडला होता; इकडे नातवाला जन्मल्याबरोबर त्याचाच अंश मिळत होता. पेढीवर कोणी बाळाची खुशाली विचारली की ते म्हणत, “आमचा त्याग त्याच्या कामी आला बघा!”

औषध बंद करून, त्यानंतरचे सलग सात दिवस एकही विराम आलेला नाही हे पाहूनच बाळाला घरी सोडण्यात आले. आनंद होताच, पण यंत्र मागे राहिले होते. इस्पितळात श्वास थांबला तर घंटा वाजत असे. घरी कोण सांगणार? पहिल्या रात्री सूनबाई झोपली नाही. दुसऱ्या रात्री मुलगा जागला. तिसऱ्या रात्री आजोबांनी खुर्ची ओढून पाळण्याशेजारी ठाण मांडले. चाळीस वर्षे रोजमेळ लिहिलेला तो माणूस मनगटावरचे घड्याळ काढून, हातात कागद-पेन्सिल घेऊन नातवाचे श्वास मोजू लागला. सकाळी त्यांनी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला. त्यात लिहिले होते : रात्री दोन वाजता आठ सेकंद बंद, दोन वाजून सात मिनिटांनी सहा सेकंद बंद.

डॉक्टरांनी कागद काळजीपूर्वक पाहिला आणि सांगितले की हा मेळ बरोबर आहे, काळजी करू नका. लहान बाळाचा श्वास मोठ्या माणसासारखा एकसारखा चालत नाही. काही श्वास भराभर, मग पाच ते दहा सेकंदांचा विसावा, मग पुन्हा भराभर श्वास, अशी त्याची चाल पहिले काही महिने असते. त्या विसाव्यात बाळाचा रंग गुलाबी राहतो, अंग ढिले पडत नाही आणि श्वास आपोआप सुरू होतो. म्हणून बाळाचे श्वास मोजावयाचे तर पूर्ण एक मिनिट मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले की हिशेब चुकतो. शांत झोपलेल्या नवजात बाळाचे श्वास मिनिटाला 30 ते 60 असतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास शांत असताना 60 किंवा त्याहून अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावेत. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हल्यासारखा आवाज येणे, दूध ओढता न येणे आणि ओठ, जीभ निळसर वा राखाडी होणे, यांतील एकही खूण दिसली तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आजोबांचे समाधान झाले. घरातील खरा पेच वेगळाच होता आणि तो आजींचा होता.

आजींनी बाळाच्या येण्याची तयारी महिन्यांपूर्वीच केली होती. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी, मऊ कापसाच्या दोन दुलया, कुंची, जुन्या सुती साडीची झोळी, बाळंतिणीच्या खोलीसाठी शेगडी, ओवा आणि वेखंड. सूनबाईला इस्पितळातून मिळालेल्या कागदावर यातील जवळजवळ प्रत्येक वस्तूवर काट मारलेली होती. बाळाला दर वेळी पाठीवर झोपवावे. गादी सपाट आणि घट्ट असावी. उशी, दुलई, लोड, मऊ खेळणी पाळण्यात ठेवू नयेत. घरात डोके-तोंड झाकून बाळाला फार गुंडाळू नये. खोलीत धूर नसावा, ना शेगडीचा, ना धूप-अगरबत्तीचा, ना विडीचा. नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसात उतरून दाह होऊ शकतो. सूनबाईने धीर करून म्हटले, “आई, उशी तेवढी नको. डॉक्टरांनी सांगितलंय.” आजी काही बोलल्या नाहीत. त्या उशी घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत.

सूनबाईला वाटले, मान दुखावला. मुलालाही तसेच वाटले. खरे कारण फक्त आजोबांना ठाऊक होते. चाळीसेक वर्षांपूर्वी आजींचा दुसरा मुलगा, तीन महिन्यांचा, एका थंडीच्या सकाळी अंथरुणात निपचित सापडला होता. आदल्या रात्री तो दूध पिऊन हसत झोपला होता. ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचे सांगितले. घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचे आयुष्यच तेवढे होते असे म्हणून विषय मिटवला. पण पाण्याला आलेल्या बायकांपैकी एकीने दुसरीला हळूच म्हटलेले आजींच्या कानांवर पडले होते : झोपेत आईच्या अंगाखाली आले असेल. आजींचे वय तेव्हा 24 वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्यांनी त्या मुलाचे नाव घरात घेतले नव्हते. राईची उशी त्याच्याही डोक्याखाली होती. सुनेने उशीवर बोट ठेवले तेव्हा आजींना एवढेच ऐकू आले की त्या सकाळचा दोष खरोखर आपलाच होता.

असे मृत्यू जगभर होत आले आहेत. 1969 मध्ये त्यांना ‘सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम’, म्हणजे शिशूचा अकस्मात मृत्यू, असे स्वतंत्र नाव मिळाले. निरोगी दिसणारे, एक वर्षाच्या आतील बाळ झोपेत जाते आणि शवविच्छेदन व सर्व चौकशी करूनही कारण सापडत नाही, अशा मृत्यूंना हे नाव दिले जाते. दोन ते चार महिने या वयात हा धोका सर्वाधिक असतो. मुदतपूर्व बाळांच्या ॲप्नियापासून हा विषय वेगळा आहे. एकामुळे दुसरा होतो असे सिद्ध झालेले नाही, मात्र लवकर जन्मलेल्या बाळांत या मृत्यूचाही धोका अधिक असतो. 1994 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी यामागे तीन गोष्टी एकत्र येत असाव्यात असे मांडले. बाळाच्या मेंदूत जन्मतःच असलेली, बाहेरून न दिसणारी एखादी उणीव. वाढीचा तो नाजूक काळ. आणि बाहेरचे एखादे निमित्त, जसे पालथे झोपणे, तोंडावर आलेले मऊ पांघरूण, अति ऊब किंवा धूर. तिन्ही एका रात्री जुळले की बाळ दचकून जागे व्हावयास हवे तेथे जागे होत नाही.

पाश्चात्त्य देशांत 1950 च्या दशकापासून अनेक तज्ज्ञच बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला देत होते. तो सल्ला घातक असल्याचे लक्षात आल्यावर 1991 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1994 मध्ये अमेरिकेत बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. एकही नवे औषध नव्हते, एकही शस्त्रक्रिया नव्हती. बाळाची कूस तेवढी बदलली होती. पाठीवर झोपलेले बाळ उलटी झाल्यास गुदमरेल ही भीती निराधार आहे. त्या स्थितीत श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध श्वासनलिकेत सहजासहजी उतरत नाही.

येथे आपल्या जुन्या घरांना त्यांचे श्रेय द्यावयास हवे. मराठी घरांतील आज्या बाळाला पाठीवरच निजवत आल्या. बाळ आईच्या खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर असे, आणि ते अंगावर पीत असे. आजचे वैद्यकही हेच सांगते : पहिले सहा महिने तरी बाळाने आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट गादीवर झोपावे, आणि आईचे दूध या मृत्यूपासून संरक्षण देते. परंपरेतील धूर, उशी आणि नाकातील तेल तेवढे सोडावयाचे आहे. झोळीचा मोहही आवरावा; तिच्या खोलगट आकारात बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि कोवळा श्वासमार्ग दुमडतो. मोटारीतील बाळाच्या खुर्चीतही हेच घडते, म्हणून प्रवास संपताच झोपलेल्या बाळाला तिच्यातून काढून सपाट गादीवर ठेवावे.

आजींना हे सारे डॉक्टरांनी सांगून पटले असते असे नाही. त्या वर्षी गावातील बस्तीत एका आर्यिका मातांचा चातुर्मास होता आणि दुपारी कर्मसिद्धांतावर स्वाध्याय चाले. एके दिवशी आयुष्यकर्माचा विषय निघाला. स्वाध्याय संपल्यावर, सगळ्या बायका गेल्यावर, आजी मागे थांबल्या. त्यांनी विचारले, “माताजी, ज्याचं आयुष्य तेवढंच, त्याला कोण काय करणार?”

माताजींनी त्यांना गोम्मटसार कर्मकांडाची आठवण दिली. देव, नारकी, चरमशरीरी अशा काही जीवांचे आयुष्य बाह्य कारणाने खंडित होत नाही. परंतु तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य मनुष्याचे होऊ शकते. विष, तीव्र वेदना, रक्तक्षय, भय, शस्त्रघात, संक्लेश, आहार रोखला जाणे अशी त्याची कारणे तेथे सांगितली आहेत आणि त्यांतच श्वासोच्छ्वासाचा निरोधही आहे. म्हणजे श्वास अडू न देणे हा पुरुषार्थाचा भाग झाला. आयुष्यकर्माचे नाव सांगून हात बांधून बसणे हा प्रमाद होय. आजींनी मग आपल्या मनातील दुसरा प्रश्न विचारला, जो चाळीस वर्षांत कोणालाही विचारला नव्हता. त्यावर माताजी एवढेच म्हणाल्या की जे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते ते न केल्याचा प्रमाद आईच्या माथी येत नाही. आता जे ठाऊक झाले आहे ते मात्र करावयास हवे.

त्या संध्याकाळी आजींनी राईची उशी उसवली, राई डब्यात भरली आणि सूनबाईला जवळ बसवून पहिल्यांदाच तिच्या न पाहिलेल्या दिराची हकिकत सांगितली.

पुढचे काम त्यांनी मागून घेतले. कमी वजनाच्या बाळाला मोठ्या माणसाच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे धरून ऊब देण्याची पद्धत 1978 च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. तिला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. तिच्यामुळे बाळाचे तापमान, ठोके आणि श्वास स्थिर राहण्यास मदत होते, आणि ती केवळ आईनेच करावी असे नाही. धरणारा पूर्ण जागा असावा, बाळाचे तोंड एका बाजूला वळलेले आणि नाक मोकळे दिसत असावे, हनुवटी छातीवर पडू नये, एवढी पथ्ये. आजी दुपारी दोन तास खुर्चीत ताठ बसून नातवाला छातीशी धरत आणि सून तेवढा वेळ निश्चिंत झोप घेई. बाळाचा भराभर चालणारा श्वास त्यांना आपल्या कातडीवर जाणवत असे. मंत्र म्हणताना त्यांचे नऊ णमोकार पुरे होत तोवर बाळाचे कितीतरी श्वास होऊन जात.

याच काळात मुलाने बाळाच्या पायात घालावयाचे, मोबाइलवर ठोके दाखवणारे एक महागडे यंत्र मागवावयाचे ठरवले होते. व्यापारी घरात पैशाने प्रश्न सोडवण्याची सवय असते. तीत गैर काही नाही. पण डॉक्टरांनी स्पष्ट केले की घरगुती यंत्रांनी अकस्मात मृत्यू टळतात असे दिसून आलेले नाही. खोट्या घंटांनी घराची झोप जाते आणि खोट्या भरवशाने सावधगिरी सुटते. विशिष्ट आजार असलेल्या बाळाला डॉक्टर स्वतःहून यंत्र लिहून देतात, ती गोष्ट निराळी. त्या रकमेऐवजी घरातील चौघांनी इस्पितळात जाऊन बाहुलीवर प्राथमिक उपचार शिकून घेतले.

ते उपचार प्रत्येक घराने शिकावेत असे आहेत. बाळ श्वास घेत नाही असे वाटले तर हाक मारावी, तळपायाला टिचकी द्यावी, पाठ चोळावी. बाळाला गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये, नाकाशी कांदा धरू नये. प्रतिसाद नसेल तर एकाने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने बाळाला कठीण सपाट जागेवर ठेवून छातीच्या मध्यावर दोन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या टाचेने छातीच्या सुमारे एक तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यावेत. 30 दाबांनंतर बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन दोन हलके श्वास द्यावेत, छाती उचललेली दिसेल एवढेच, आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवावे. वाचून हे कळते. हाताला मात्र ते शिकल्यावरच येते. बाळ स्वतःहून सावरले तरी ते निळे पडले होते, ढिले पडले होते ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

आणखी एक गैरसमज येथे नोंदवावयास हवा. बाळ घोरते म्हणजे गाढ झोपते असे कौतुकाने सांगितले जाते. सर्दीने नाक चोंदले असता तसा आवाज येतो आणि तो जातो. श्वास आत घेताना दररोज शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, तर स्वरयंत्राचा भाग कोवळा असण्याचा संभव असतो. बहुतेक बाळांत तो दीड वर्षापर्यंत आपोआप सुधारतो. टाळूला चीर, लहान हनुवटी किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत मात्र झोपेत श्वासमार्गच बंद होऊ शकतो. आवाजासोबत छाती आत ओढली जात असेल, वजन वाढत नसेल, झोपेत घाम फुटत असेल तर तपासणी करून घ्यावी. सर्दीचे औषध दुकानातून आणून तान्ह्या बाळाला कधीही पाजू नये. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया एके काळी बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत असत. अफू श्वास मंद करते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आज ते सांगणारे आहेत.

आपल्याकडे जयणा हा शब्द पाणी गाळताना, धान्य निवडताना, दिवा लावताना रोज आठवला जातो. सूक्ष्म जीवाचाही प्राण आपल्या हातून दुखावू नये म्हणून जी दृष्टी लागते, तीच दृष्टी पाळण्यात डोकावताना लागते. महिला मंडळांनी वर्षातून एकदा एखाद्या बालरोगतज्ज्ञांना बोलावून बाहुलीवरचे हे प्रशिक्षण बस्तीच्या किंवा स्थानकाच्या सभागृहात ठेवावे. त्याला फार खर्च येत नाही. बाळंतविड्यात राईच्या उशीऐवजी चांगली घट्ट, सपाट गादी द्यावी. आणि ज्या घरातून असे एखादे बाळ गेले असेल, तेथे समाचाराला जाताना बाळ कसे झोपले होते, कोणाजवळ झोपले होते, हे विचारू नये. ती चौकशी डॉक्टर करतात. शेजाऱ्यांच्या वाट्याला फक्त त्या आईजवळ बसणे येते, आणि तिला त्या बाळाचे नाव घ्यावेसे वाटले तर ते ऐकून घेणे.